कॉलेजवर नेमकं कोणाचं चालतं?

भांडुपच्या एका पालकांचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी एका अनुदानित कॉलेजात बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदाच्या पावतीत ‘विकास निधी’ या नावाखाली सात हजार रुपये जास्तीचे लावलेत आणि जूनपासून दोन विषयांना शिक्षक नाही. कॉलेजच्या खिडकीवर उत्तर मिळालं, ‘विद्यापीठात विचारा.’ विद्यापीठात सांगितलं, ‘सहसंचालकांकडे जा.’ सहसंचालकांच्या कार्यालयात एका टेबलावरून कळलं, ‘हा कोर्स विनाअनुदानित आहे, आमचा संबंध येत नाही.’ तीन खेपा, तीन हाफ-डे. आता ते विचारतात, सगळ्या सरकारी आणि अनुदानित कॉलेजांवर नजर ठेवणारं राज्याचं एखादं बोर्ड असेलच ना, त्याचा पत्ता द्या.

असा पत्ता नाही. मी मुंबईत ३४ वर्षं अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, त्यातली शेवटची अकरा वर्षं प्राचार्य होते, आणि या तिन्ही खिडक्यांसमोर मीही उभी राहिले आहे. खुर्ची मिळायची एवढाच फरक. त्या टेबलांवरच्या माणसांनी तुम्हाला टोलवलं हे खरं, पण कॉलेजने आणि सहसंचालकांच्या कार्यालयाने जे सांगितलं ते कागदावर बरोबरच होतं. दुखणं नेमकं तिथेच आहे, म्हणून जरा लांबून सुरुवात करते.

‘बोर्ड’ हा शब्द आपल्या डोक्यात दहावी-बारावीमुळे बसलाय. एकदा एक आई टी.वाय.च्या, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या, निकालाचा अर्ज घेऊन आधी वाशीला गेली, मग माझ्या केबिनमध्ये येऊन रडकुंडीला आली. वाशीला मुंबई विभागीय मंडळ आहे, त्याचा अधिकार बारावीपर्यंत. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ज्युनिअर कॉलेज होतं आणि दुसऱ्यावर डिग्री कॉलेज. जिना एक, शिपाई एक, पाण्याची टाकी एक. पण पहिल्या मजल्यावरची परीक्षा वाशीच्या हातात आणि तिथल्या शिक्षकांचे कागद चर्नी रोडला जवाहर बालभवनातल्या शिक्षण उपसंचालकांकडे जायचे, म्हणजे शालेय शिक्षण विभागाकडे. दुसऱ्या मजल्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, तो उच्च व तंत्र शिक्षण विभागाचा. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा असेल तर पुन्हा वेगळं मंडळ, वांद्रे पूर्वेला खेरवाडीत. डिग्री कॉलेजांसाठी मात्र ‘मंडळ’ म्हणावं असं एक ठिकाण राज्याने केलेलंच नाही. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालचा उच्च शिक्षण व विकास आयोग कायद्यात आहे, पण त्याचं काम धोरणाचं आणि कुठे किती नवी कॉलेजं लागतील त्या आराखड्याचं. तुमच्या पावतीकडे बघणारं तिथे कोणी नाही.

सगळ्याचं मूळ म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९४ चा कायदा होता. राज्यातली मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर वगैरे विद्यापीठं याच कायद्याखाली चालतात. मेडिकलवाल्यांचं नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ निराळ्या कायद्याचं आहे, त्यात आपण शिरायला नको.

या कायद्यात राज्यपाल हे कुलपती असतात. कुलगुरू तेच नेमतात. शोध समिती नावं काढते, कुलपती मुलाखती घेतात, नेमणूक पाच वर्षांची किंवा वयाच्या पासष्टीपर्यंत, यातलं आधी होईल तोवर. त्यामुळे मलबार हिलहून, राज्यपालांकडून विद्यापीठाकडे जाणारी एक दोरी आहे, आणि ती सहसा ढिलीच असते. ती ताणली की काय होतं हे मुंबईने २०१७ मध्ये पाहिलं. त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत एकदम सगळ्या शाखांना लावली. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका स्कॅन व्हायच्या होत्या, आणि आम्ही प्राध्यापक लॉग-इन मिळण्याची वाट बघत कॉलेजच्या संगणक कक्षात बसून होतो. लॉग-इन मिळालं की पान उघडायचं नाही, पान उघडलं की पुरवणी दुसऱ्याच मुलाची. निकालाच्या मुदतीमागून मुदती हुकल्या. परदेशी प्रवेश घेतलेल्या मुलांचे आईवडील आमच्याकडे येऊन नुसतं ‘कधी?’ एवढंच विचारायचे. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी तेव्हाच्या कुलगुरूंना पदावरून दूर केलं. कायद्यात तोवर काय लिहिलं होतं? परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल, फार तर ४५, आणि तेवढ्यात नाही जमलं तर कारणांसह अहवाल कुलपतींना आणि राज्य शासनाला. हे कलम ८९. माझ्या माहितीतल्या किती पालकांना हे कलम ठाऊक होतं? एकालाही नाही. निकाल लांबला तर अर्जात हे कलम लिहा, अर्जाला वजन येतं.

दुसरी दोरी मंत्रालयाची. विद्यापीठ स्वायत्त म्हणायचं, पण कलम ८ वाचलं की स्वायत्ततेची लांबीरुंदी कळते. शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विद्यापीठाला नवी पदं निर्माण करता येत नाहीत, पगार-भत्ते वाढवता येत नाहीत, ठरावीक कामासाठी आलेला पैसा दुसरीकडे वळवता येत नाही, जमीन-इमारत विकता येत नाही. अभ्यासक्रम काय शिकवायचा, प्रश्नपत्रिका कोणी काढायची, पदवी कोणाला द्यायची यात मंत्रालय हात घालत नाही. ते अभ्यास मंडळं आणि विद्यापरिषदेचं काम. म्हणजे डोकं विद्यापीठाचं आणि पाकीट मंत्रालयाचं. यात कोण वरचढ असावं यावर भांडणं झाली आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये उच्च शिक्षण मंत्र्यांना प्र-कुलपती करणारी आणि कुलगुरू निवडीत शासनाचा हात वाढवणारी दुरुस्ती विधिमंडळात मंजूर झाली. पुढे सरकार बदललं आणि ती मागे घेतली गेली. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना शिक्षणापेक्षा नेमणुकांत जास्त रस होता. पण हे तुमच्या प्रश्नापासून दूर चाललं.

तिसरी दोरी धोबी तलावाजवळची. महापालिका मार्गावर एल्फिन्स्टन टेक्निकल शाळेच्या आवारात उच्च शिक्षण विभागाच्या मुंबई विभागीय सहसंचालकांचं कार्यालय आहे. त्यांच्यावर पुण्याचे संचालक, त्यांच्यावर मंत्रालय. मुंबई शहर आणि उपनगर हे या कार्यालयाचं क्षेत्र. ठाण्यापासून पुढची कॉलेजं पनवेलच्या कोकण विभागीय कार्यालयाकडे जातात, विद्यापीठ मात्र सिंधुदुर्गापर्यंत मुंबईचंच. सहसंचालक कार्यालय शिकवण्याकडे पाहत नाही, पगाराकडे पाहतं. अनुदानित पदावरच्या प्रत्येक शिक्षकाचा, क्लार्कचा, शिपायाचा पगार तिथून मंजूर होतो. कोणाची वेतनवाढ अडकली, कोणाची वेतननिश्चिती चुकली, कोणाचं पेन्शन लांबलं, त्याचा दरवाजा हाच. कॉलेजच्या रजिस्ट्रारला प्राचार्यांची भीती वाटत नाही इतकी तिथल्या लेखाधिकाऱ्याची वाटते.

आता तुमचा पेच सुटायला लागेल. तुमच्या मुलीचं कॉलेज अनुदानित आहे, म्हणजे कला, वाणिज्य, विज्ञान या जुन्या अभ्यासक्रमांच्या मंजूर पदांचा पगार सरकार देतं. पण सरकारने नव्या अभ्यासक्रमांना अनुदान देणं केव्हाच थांबवलं. वेतनेतर खर्चाला, म्हणजे वीज, दुरुस्ती, प्रयोगशाळेतली रसायनं यांना मिळणारा पैसा कधी पुरला नाही. म्हणून मुंबईतल्या बहुतेक अनुदानित कॉलेजांनी त्याच इमारतीत सेल्फ-फायनान्स, म्हणजे फीवर चालणारे विनाअनुदानित कोर्स उघडले: अकाउंटिंग अँड फायनान्स, बँकिंग अँड इन्शुरन्स, मॅनेजमेंट, मास मीडिया, आय.टी. सकाळी सातला साध्या बी.कॉम.चे वर्ग, दुपारी त्याच बाकांवर सेल्फ-फायनान्सवाले. सकाळच्या मुलाची फी नाममात्र, दुपारच्या मुलाची हजारोंत. खरं सांगायचं तर दुपारच्या मुलांच्या फीतून सकाळच्या वर्गांचे पंखे फिरतात. मी प्राचार्य असताना जिन्याचा रंग आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती त्याच पैशातून केली आणि ते लपवावं असं मला तेव्हा वाटलं नाही. आज तुमच्यासारख्या पालकांचं पत्र वाचताना थोडं वाटतं.

तेव्हा सहसंचालकांच्या टेबलावर तुम्हाला जे ऐकवलं ते असं: त्या कोर्सच्या शिक्षकाचा पगार आम्ही देत नाही, मग त्याची हजेरी आम्ही का विचारावी? पैसा जाईल तिथपर्यंतच नजर जाते.

पैसा जातो तिथे मात्र नजर किती बारीक असते ते पाहा. एका अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्राचे एक सर जूनअखेर निवृत्त झाले, असं धरा. जागा रिकामी झाली. आधी कार्यभार तपासायचा: खरंच इतके तास आहेत का, की मुलं कमी झाल्यामुळे पद अतिरिक्त ठरतं? मग बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाची नोंदवही. संवर्गातली सगळी पदं ओळीने मांडून कुठला बिंदू कोणत्या प्रवर्गाचा, कोणाची नेमणूक कधी झाली, कोण निवृत्त झाला, हे पहिल्या दिवसापासून लिहायचं. ती आधी विद्यापीठाच्या आरक्षण कक्षात तपासली जाते, मग बेलापूरला कोकण भवनात मागासवर्ग कक्षात. आरक्षण विषयनिहाय मोजायचं की सगळ्या पदांचं मिळून, यावर मधल्या काळात नियम फिरले आणि पास झालेल्या नामावल्या पुन्हा पहिल्यापासून लिहाव्या लागल्या. ती निघाली की पद भरायला शासनाची ना हरकत लागते, आणि तिथे वित्त विभाग बसलेला असतो. २०२१ साली राज्यभरातल्या २०८८ सहायक प्राध्यापक पदांना मंजुरी मिळाली तेव्हा कॉलेजाकॉलेजात पेढे वाटले गेले, कारण त्याआधी किती वर्षं भरती बंद होती हे आम्हालाच ठाऊक. ना हरकत आली की जाहिरातीचा मसुदा विद्यापीठाकडून मंजूर करून घ्यायचा, वर्तमानपत्रात द्यायची. मग कुलगुरूंचे प्रतिनिधी, विषयतज्ज्ञ, सहसंचालकांचा प्रतिनिधी यांची एकच तारीख जुळवायची. मुलाखत होते, निवड होते, विद्यापीठाची मान्यता येते, शेवटी सहसंचालक वेतननिश्चिती करतात. एका पदासाठी मी धरलेली फाइल अशी चार वर्षं फिरली. तिसऱ्या वर्षी ती परत आली तेव्हा वर पिवळ्या कागदावर त्रुटी लिहिली होती: पृष्ठ क्र. १७ वर सचिवांची स्वाक्षरी नाही. पान सतरा म्हणजे मुखपृष्ठाची झेरॉक्स होती. सचिवांच्या घरी माणूस पाठवून सही आणली, दुसऱ्या दिवशी पहिल्या लोकलने फाइल पोचवली, आवक शिक्का मारून घेतला. त्या चार वर्षांत वर्गात शिकवलं कोणी? तासिका तत्त्वावरच्या एका मुलीने. नेट पास, पीएच.डी. चालू, तासाप्रमाणे पैसे, तेही सहा-सहा महिन्यांनी, मे महिन्यात शून्य. ती चांगलं शिकवत होती की वाईट, हे त्या चार वर्षांत एकाही कार्यालयाने विचारलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे दारावरचा पहारा कडक आहे. आत येणाऱ्या प्रत्येक पदाची, प्रत्येक रुपयाची झडती होते. आत आल्यावर वर्गात काय चाललंय ते पाहायला कोणी जात नाही.

विद्यापीठाची चौथी दोरीही याच जातीची. नवं कॉलेज किंवा नवा कोर्स काढायचा तर आधी तो विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात बसायला हवा. मुंबईचा सध्याचा आराखडा २०२४ ते २०२९ चा. मग संस्थेचा अर्ज, विद्यापीठाची शिफारस, शासनाचं इरादापत्र, अटींची पूर्तता, शासनाची अंतिम मान्यता, आणि त्यानंतर विद्यापीठाचं संलग्नीकरण, म्हणजे विद्यापीठाशी जोडून घेणं. संलग्नीकरणाआधी समिती येते. मी अशा समित्यांवर बऱ्याचदा गेले आहे. एकदा पश्चिम उपनगरातल्या एका नव्या कॉलेजात गेलो. फाटकावर रांगोळी, हातात गुलाबाचं फूल, टेबलावर काजू. ग्रंथालयात खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. मी पुस्तकांचं अॅक्सेशन रजिस्टर, म्हणजे आलेल्या पुस्तकांची नोंदवही, मागितली. दीड हजार नोंदी, जून ते डिसेंबरच्या तारखा टाकलेल्या, पण सगळ्या एकाच हाताने, एकाच निळ्या पेनाने, आणि एकाही पानाला बोट लागल्याचा डाग नाही. खरं रजिस्टर वर्षभरात कोपऱ्यांशी काळं पडतं. दोन पुस्तकं कपाटातून काढून पाहिली तर आत दुसऱ्याच कॉलेजचा शिक्का खोडरबराने घासलेला. मी तसं अहवालात लिहिलं. बाकीचे दोघे म्हणाले, मॅडम, मुलांचे प्रवेश झालेत, आता नाही म्हटलं तर मुलं कुठे जातील? शेवटी ‘अटींच्या अधीन राहून’ शिफारस झाली आणि खाली माझीही सही आहे. त्या अटी पूर्ण झाल्या का ते बघायला कोणी गेलं नाही. मीही नाही गेले.

एक मात्र न्यायाने सांगायला हवं. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. तेव्हा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी कॉलेजं होती. आज सात जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं एकाच विद्यापीठाला जोडलेली आहेत. फोर्टातल्या आणि कलिन्यातल्या मोजक्या कर्मचाऱ्यांनी या सगळ्यांच्या वर्गात डोकावावं अशी अपेक्षा करणंच मुळात चुकीचं. म्हणून काही कॉलेजांना वेगळं काढायची वाट धरली गेली. एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज ही सरकारी कॉलेजं मिळून २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं. दुसरी वाट स्वायत्ततेची. सेंट झेवियर्सला २०१० मध्ये स्वायत्तता मिळाली, नंतर बऱ्याच कॉलेजांना. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः चालवतं, पदवी विद्यापीठाची. तिथे निकालाची तक्रार विद्यापीठात नेऊन उपयोग नाही, कॉलेजच्या परीक्षा नियंत्रकाकडेच न्यावी लागते. त्यात मुंबईतली कितीतरी कॉलेजं भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक संस्थांची आहेत, त्यांचे प्रवेशाचे आणि भरतीचे काही नियम वेगळे. इंजिनिअरिंग, लॉ, बी.एड., फार्मसी यांवर दिल्लीच्या परिषदांचा वेगळा हात, प्रवेश सी.ई.टी. कक्षाकडे आणि खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरणाकडे, २०१५ च्या कायद्याने. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकबद्दल मी काही लिहीत नाही, त्या फायलींनी माझी तीन वर्षं खाल्ली.

गंमत बघा, २०२४-२५ पासून बी.एम.एस.सारखे मॅनेजमेंटचे कोर्स ए.आय.सी.टी.ई.च्या, म्हणजे दिल्लीच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या, कक्षेत गेले, त्यांना सी.ई.टी. आली. तेव्हा मुंबईतल्या अनेक कॉलेजांनी तोच कोर्स बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज या नावाने चालवायला घेतला. शिक्षक तेच, वर्ग तोच, नाव बदललं की वरचा साहेब बदलला. म्हणून आधी मुलीच्या प्रवेशपत्रावर कोर्सचं पूर्ण नाव काय लिहिलंय ते वाचा. तुम्ही लिहिलंय तसं बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्स असेल आणि कॉलेज स्वायत्त नसेल, तर प्रश्न सरळ मुंबई विद्यापीठाच्या अखत्यारीतला आहे. तुम्हाला सहसंचालकांकडे पाठवायला नको होतं.

आता तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या करा. एकाच अर्जात दोन्ही लिहू नका, दोन टेबलांचा विषय एका कागदावर आला की तो कागद दोन्ही टेबलांमध्ये लटकतो.

फीचं आधी. अशा कोर्सची फी विद्यापीठ परिपत्रकाने ठरवतं, शीर्षांसकट: शिकवणी, ग्रंथालय, जिमखाना, परीक्षा वगैरे. कॉलेजला त्या यादीबाहेरचं शीर्ष मनाने घालता येत नाही. तुमच्या पावतीतला ‘विकास निधी’ त्या यादीत आहे का, असला तर रक्कम किती, एवढं ताडून पाहा. रक्कम यादीत बसत नसेल तर प्राचार्यांना अर्ज द्या: ‘सदर रक्कम विद्यापीठाच्या कोणत्या परिपत्रकान्वये आकारली, त्याचा क्रमांक व दिनांक कळवावा.’ एवढं एकच वाक्य. रागावून चार पानं लिहिलीत तर उत्तर येणार नाही, या एका वाक्याला मात्र द्यावं लागतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. क्लार्क म्हणेल ‘ठेवून जा, देतो नंतर.’ ठेवून येऊ नका. मी असताना आमच्याकडेही तो असंच म्हणायचा.

अनुदानित कॉलेज माहिती अधिकाराखाली येतं हेही लक्षात ठेवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे, नाही आलं तर पहिलं अपील. आणि इथेच शिक्षकांचा प्रश्नही पकडता येतो. विद्यापीठाने मान्यता दिल्याशिवाय शिक्षक नियमित धरला जात नाही. माहिती अधिकारात एवढंच मागा: या अभ्यासक्रमाला चालू वर्षी शिकवणाऱ्या शिक्षकांची नावं, विषय, आणि प्रत्येकाच्या विद्यापीठ मान्यतापत्राची प्रत. ‘शिक्षक का नाहीत’ असं विचारू नका, ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. कागद मागा. पुष्कळदा असं होतं की हा अर्ज आवकला पडला की आठवडाभरात वर्गावर कोणीतरी उभं राहतं, कारण कोणाचं मान्यतापत्र नाही हे प्राचार्यांना तुमच्याआधी माहीत असतं.

दरम्यान मुलीला विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज द्यायला सांगा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी ही समिती सक्तीची केली आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, समाधान झालं नाही तर निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. अर्ज मुलीच्या नावाने असू द्या, तुमच्या नाही, पालकाचा अर्ज ‘अर्जदार विद्यार्थी नाही’ म्हणून बाजूला पडतो. एकटीचा अर्ज द्यायला ती घाबरेल, मुलं घाबरतात. वर्गातल्या दहा-बारा जणांच्या सह्या घेतल्या तर बरं.

आणखी एक जागा आहे जिची पाटी कुठेच लावलेली नसते. कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. संस्थेचे पदाधिकारी, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरचे काही सदस्य, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव, प्राचार्य सदस्य-सचिव. वर्षातून किमान चार बैठका. कॉलेजचा अर्थसंकल्प याच समितीसमोर येतो, त्यामुळे विकास निधी कुठल्या विकासाला गेला ते इथे विचारता येतं. आमच्या समितीत एक निवृत्त बँक मॅनेजर होते. ते दर बैठकीला चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून फक्त एकच विचारायचे, ‘मागच्या वेळच्या ठरावांचं काय झालं?’ त्या एका प्रश्नाच्या धाकाने मी बैठकीच्या आधी आठवडाभर कामं उरकायची. तुमच्या कॉलेजच्या समितीत बाहेरचे सदस्य कोण आहेत ते संकेतस्थळावर असतं, बघून त्यांना गाठा.

एवढं करून सत्र परीक्षेपर्यंत काही हललं नाही, तर तोच अर्ज, आवक शिक्क्याची प्रत आणि माहिती अधिकारात आलेले कागद जोडून कुलसचिवांच्या नावे विद्यापीठाच्या संलग्नीकरण विभागाकडे द्या. विषयाच्या ओळीत लिहा: ‘विनाअनुदानित अभ्यासक्रमास विद्यापीठमान्य शिक्षक नसल्याबाबत.’ त्या कोर्सच्या संलग्नीकरणाचं नूतनीकरण व्हायचं असेल तर हा कागद त्या फाइलला लागतो, आणि फाइलला लागलेला कागद कॉलेजला खुपतो. विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधरांचे दहा निवडून आलेले सदस्य असतात. त्यांतल्या कोणाला प्रत पाठवली तर मार्चच्या अर्थसंकल्पी बैठकीआधी ते अशा मुद्द्यांच्या शोधातच असतात. शिक्षक वर्गात येईपर्यंत बुडालेल्या तासांचं काय, याला मात्र यातल्या कोणाकडेच उत्तर नाही. त्यासाठी सध्या वर्गातल्याच कोणा हुशार मुलाच्या नोट्स आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राची अभ्याससाहित्याची पुस्तकं मिळवून द्या, ती बरी असतात.

आणि फीच्या त्या पावतीची आजच झेरॉक्स काढून ठेवा. मशीनमधून निघालेल्या पावतीवरची अक्षरं मार्चपर्यंत उडून जातात, मग कोरा कागद घेऊन कोणाशीच भांडता येत नाही.